बडगीत ठेचलेलं भरीत: फैजपूर रस्त्यावरचं सेंटर

चंपाषष्ठी झाली की आमच्या जळगाव जिल्ह्यात भरीत सेंटरच्या पाट्या जागोजागी दिसू लागतात. पण कित्येक ठिकाणी आता वांगी गॅसवर भाजतात आणि मिक्सरमधून काढतात. म्हणूनच भुसावळहून फैजपूरला जाताना रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक मावशी आणि त्यांची सून चालवतात, त्या सेंटरबद्दल मुद्दाम लिहितेय.

वांगी बामणोदकडची. हिरवी, पांढुरक्या रेघांची, तळहातात न मावणारी, बिया अगदी कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या वांग्याला. मावशी त्यांना टोचे मारून, तेलाचा हात लावून कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. काड्यांचा जाळ भडकतो आणि लवकर बसतो, त्यामुळे सारखं फिरवत राहावं लागतं. पण त्या धुराचा वास गराच्या आतपर्यंत जातो. साल काढली की गर लगेच बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात. "गरम हाये तोवरच ठेचनं पडते, ताई," असं म्हणत त्यांचा हात थांबत नाही. मिक्सरमध्ये गराची पेस्ट होते, इथे रेषा जिभेला लागतात.

फोडणीत हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. रंग हिरवट राहिला पाहिजे, तो राहतो. तेल सढळ आहे. खानदेशी भरिताला ते लागतंच, कमी करायला सांगू नका.

सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी. पुरी मला जरा तेलकट वाटली. भाकरी घ्या: ज्वारी-उडदाचं कळण घरच्या घरी दळलेलं, आणि सून ती समोर थापते. मुळा आणि कच्चा कांदा मागितला तेवढा मिळतो.

बसायला दोनच बाकडी आहेत आणि हात धुवायच्या जागी चिखल होतो, तिथे फरशी टाकायला हवी. भाव गॅसवाल्यांपेक्षा जास्त आहे. जाळासमोर बसून वांगी फिरवणाऱ्या हातांचे ते पैसे आहेत, मला एक रुपयाही जास्त वाटला नाही.

भरीत किलोवर बांधूनही देतात. पार्टीसाठी हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा. रविवारी दुपारी एकनंतर बहुतेक संपलेलं असतं.