घरच्या घरी कुत्र्याची कटिंग: क्लिपरच्या किटला पाचपैकी साडेतीन

आमचा गुंडू शिह त्झू आहे. वजन जेमतेम सहा किलो, पण केसांचा पसारा विचारू नका. ही जात केस फारसे गाळत नाही, ते वाढतच राहतात, म्हणजे कापायचा खर्च जन्माचा. दुकानात अंघोळ, कटिंग, नखं, कान सगळं धरून हजार-अकराशे होतात, तेही दर दीड महिन्याला. वर्षाचे झाले नऊ हजार. मी जुळे सोलापुरात घरीच शाळेचे गणवेश शिवते. एका हाफ पँटमागे हातात काय सुटतं हे मला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे नऊ हजारांचा हिशोब मी पँटींत केला आणि ऑनलाइन १,४९९ चं किट मागवलं. आता ते वापरून बरेच महिने झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

खोक्यावर ‘११ वस्तू’ छापलंय. त्यातली एक चार्जिंगची वायर आणि एक माहितीपुस्तिका, हे धरून अकरा. खरं कामाचं तेवढं मशीन, म्हणजे क्लिपर. पातं सिरॅमिकचं, वर ३, ६, ९ आणि १२ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या कंगव्या लावायच्या. आवाज खरंच कमी आहे. गुंडू मिक्सरला घाबरून पलंगाखाली जातो, पण हे अंगावर चालू असताना जांभया देतो. एका चार्जिंगमध्ये पूर्ण कुत्रा होतो आणि थोडी बॅटरी उरते. केस वाढतात त्याच दिशेने मशीन चालवायचं, उलटं नाही. मधूनमधून पातं मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, कारण चालून चालून ते तापतं आणि पोटाची कातडी पातळ असते. सोबत दिलेली तेलाची नळी बोटाएवढी, चार वापरांत संपेल. मी शिलाई मशीनचं पांढरं तेल घालते. दोन थेंब टाकायचे, जरा चालवायचं, फडक्याने पुसायचं. एवढं केलं तर पातं केस ओढत नाही.

दीड गुण कापलेत ते दोन गोष्टींसाठी. १२ ची कंगवी ढिली बसते. जरा जाड केसात गेली की टक्कन निघून हातात येते, आणि लक्ष नसेल तर त्या जागी उघडं पातं फिरून कुत्र्याच्या पाठीवर चौकोनी टक्कल पडणार. मी ती वापरतच नाही, ९ वर भागवते. दुसरी म्हणजे कात्री. माझं अर्धं आयुष्य कात्री धरण्यात गेलंय, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते. कात्री बघायची तर आधी टोक बघायचं. जॉर्जेटचा एक उभा तुकडा धरून फक्त शेंड्याने कापायचा. चांगली कात्री धागा तोडते, वाईट कात्री कापड दोन पात्यांत घडी करून गिळते. किटमधल्या दोन्ही कात्र्यांनी गिळलं. स्क्रू आवळला तर उघडेनाशी झाली, सैल केला तर पाती एकमेकांना शिवेनात. कुत्र्याचे केस जॉर्जेटपेक्षा निसरडे, तिथे ही काय कापणार! टोकं गोल आहेत, एवढी एकच गोष्ट बरी. मी गोल टोकाची वेगळी कात्री ३५० ला नवी पेठेतून आणली.

आणि किटमध्ये जे नाहीच त्यावाचून सगळं अडतं: स्टीलची फणी, एका बाजूला दाट दात, एका बाजूला विरळ. किटमधली प्लॅस्टिकची फणी वरवरचे केस विंचरते, खाली कातडीला लागून गाठी तशाच राहतात. फणी मुळापासून शेंड्यापर्यंत सुळकन गेली तरच विंचरलं म्हणायचं. गाठी होतात त्या ठरलेल्या जागी, म्हणजे कानामागे, बगलेत आणि पट्टा घासतो तिथे. गाठीत चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळायचं, मुळाशी बोटांनी घट्ट धरायचं म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि शेंड्याकडून थोडं थोडं सोडवत यायचं. गाठीखाली कात्री घालून कापायला जाऊ नये. गाठ कातडीला वर ओढून धरते आणि वरून बघणाऱ्याला केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही. सुटतच नसेल तर कंगवी काढून नुसतं मशीन हळूच गाठीखालून फिरवते. फणीचा आणखी एक फायदा, गोचीड लवकर सापडते. गोचिडीचा ताप आला तर रक्ततपासणी, इंजेक्शनं, सलाइन असा जो खर्च होतो, त्यात कटिंगवर वाचवलेलं सगळं जाईल.

हे सगळं अंघोळीच्या आधी. ओल्या गाठी आणखी आवळतात, मग त्या देवालाही सुटत नाहीत.

अंघोळीचा वार आमच्याकडे नळ ठरवतो. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी आधी पिंप, मग टाकी, मग गुंडू. बोअरचं पाणी जड आहे, त्यात शांपूला फेसच येत नाही आणि वाळल्यावर केस राठ लागतात. म्हणून पहिलं भिजवणं बोअरवर आणि शेवटची बादली नळाची. शांपू कुत्र्यांचाच घ्यावा, तिथे पैसे वाचवू नयेत. माणसाच्या कातडीचा पीएच (आम्लता मोजायचं माप) साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या जवळपास. आपला शांपू, लहान मुलांचा असला तरी, त्यांची कातडी कोरडी करतो आणि मग खाजवणं सुरू. बाटलीतून थेट अंगावर न ओतता मग्यात पाणी घालून पातळ केला की बाटली दुप्पट दिवस पुरते आणि धुऊनही लवकर निघतो.

पुसायला सोलापुरी टॉवेल. इथे मात्र मी पक्षपाती आहे, गावचा माल आहे आणि त्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही आहे. पण नवाकोरा घेऊ नका, तो पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतो. दोन-तीन धुण्यांनंतर पिऊ लागतो. चोळायचं नाही, दाबायचं. चोळलं की पुन्हा गाठी. टॉवेलचे फेरे सुटलेले असतील तर नखं अडकतात, तेवढं बघावं. जुनी सोलापुरी चादर मी कटिंगच्या टेबलावर चौघडी करून घालते, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाय घसरला नाही की कुत्रा अर्धा शांत. शेजारच्या अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, “काय ओ, गणवेश सोडून आता कुत्र्यांचं दुकान काढलं की काय?” मी म्हटलं, “अक्का, तुमचा पोम आणू नका, त्याचं मी करणार नाही.”

थट्टा होती, पण खरंही होतं. पोमेरेनियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. मशीनने सपाट केले तर आतली लव आधी येते, वरचे केस कधी वर्षभर नीट येत नाहीत, आणि ऊन लागतं ते वेगळंच. त्यांना विंचरून मोकळं करायचं, बस. शिह त्झूचे केस वाढतच राहतात, म्हणून कापता येतात, पण त्याचाही गोटा करू नये. सोलापूरचा मे महिना ४३-४४ पर्यंत जातो आणि ही चपट्या नाकाची कुत्री तशीही धापा टाकतात, म्हणून लोक पार कातडीपर्यंत कापतात. उघड्या कातडीला उन्हाचा चटका बसतो. पाठीवर ९, पोटाला ३, एवढं पुरतं. तळपायाच्या गाद्यांमधले केस काढले की फरशीवर घसरत नाही.

नखं आणि डोळ्यांजवळचे केस मी करत नाही. गुंडूची नखं काळी आहेत, आतली रक्ताची नस दिसत नाही. किटमधला नेलकटर बोथट आहे, नख कापण्याऐवजी चिरडतो. दुकानात नुसती नखं आणि चेहरा २५० मध्ये करून देतात, तेवढे देते. दर महिन्याला एकदा गेलं तरी वर्षाचे तीन हजार. शांपू, तेल वगैरे धरूनही निम्म्याच्या वर पैसे वाचतात. वेळेचा हिशोब मी धरलेला नाही. पूर्ण काम दोन तास खातं आणि नंतर केस झाडण्यात अर्धा तास जातो.

घेणार असाल तर किट न घेता नुसतं मशीन बघा, हजारात मिळतं, आणि उरलेल्या पैशांत फणी अन् कात्री चांगली घ्या. मागवण्याआधी सुटं पातं मिळतं का ते त्याच पानावर शोधा. माझ्या मशीनचं ४५० ला मिळतं. पातं मिळत नसेल तर ते बोथट झाल्यावर सगळं मशीनच भंगारात.