रत्नदुर्गाला बोटीने नेणाऱ्या पॅकेजवाल्यांपासून सावध राहा

थंडी ओसरायला लागली की आमच्या रत्नागिरीत बाहेरगावच्या गाड्या वाढतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत फसवणारेही जोरात असतात, म्हणून हे घाईघाईने लिहितेय. माझ्या ताईच्या घरचे सोलापूरहून आले आणि येण्याआधीच त्यांचे-आमचे मिळून साडेअठरा हजार गेले. रक्कम कुणाला मोठी वाटेल कुणाला छोटी, पण ताईच्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायचा म्हणून वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे त्यात होते, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाहीये.

झालं असं की आमचं घर दोन खोल्यांचं, ते आठ जण, त्यात आजी-आजोबा, म्हणून आरे-वारेच्या रस्त्याला एखादं घरगुती राहायचं ठिकाण बघू असं ठरलं. दाजींनी मॅपवर शोधलं, एक घर आवडलं. मला नाव पाठवलं तर मी म्हटलं हो, हे खरं आहे, जाता-येता मी त्याची पाटी बघते, मालकीणबाई चांगल्या आहेत असं ऐकलंय. फोटो खरे, पत्ता खरा, लोकांनी लिहिलेले अनुभव खरे, जुने जुने, जेवणाचं कौतुक केलेले. खोटा होता तो फक्त फोन नंबर. मॅपवरच्या एखाद्या जागेची माहिती मालकाने स्वतःच्या नावावर करून घेतलेली नसेल तर कोणीही परका माणूस "हा नंबर बदला" असं सुचवू शकतो, आणि ते मान्य झालं की मालकाला पत्ताही लागत नाही. हे मला तोवर माहीत नव्हतं आणि मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांना अजूनही माहीत नाहीये, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

फोनवरचा माणूस छान मराठी बोलायचा. व्हॉट्सॅपला घराचाच फोटो, बोलणं अगदी आपुलकीचं. दाजींनी सांगितलं आई-बाबांचे गुडघे दुखतात, तर म्हणाला काळजी करू नका, त्यांना खालची खोली देतो, कमोड आहे, जिना चढायला लागणार नाही. इतकं बारीक विचारणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार? खोलीचा अॅडव्हान्स चार हजार, तो मी भरला कारण त्या दिवशी दाजींच्या बँकेचं सर्व्हर बंद होतं. पैसे भरताना नाव भलतंच दिसत होतं, विचारलं तर म्हणाला अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीसाठी वेगळं ठेवलंय. मग त्याने दाजींना "रत्नागिरी दर्शन पॅकेज" विकलं, आठ जणांचे साडेनऊ हजार. आणि निघायच्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करायच्या वेळेला, चेक-इन कन्फर्म करायला पाच हजार डिपॉझिट, जाताना परत मिळतील म्हणून. सामान गाडीत, मुलं गाडीत, अशा वेळी माणूस वाद घालत नाही, पैसे पाठवतो आणि निघतो. ती वेळ त्याने बरोबर हेरली होती.

आंबा घाट उतरून ते संध्याकाळी पोचले. गेटवर मालकीण काकी बाहेर आल्या, नाव विचारलं आणि कपाळाला हात लावला. बुकिंगच नाही. नंबर बघितला तर तो त्यांचा नाही. ह्यांना हाक मारत मी रिक्षाने तिथे पोचले तोवर काळोख पडत आलेला, दाजी त्या नंबरला फोन लावतायत आणि तो बंद. काकी मला म्हणाल्या, "बाय, तुमच्या आधी पण असे लोक येऊन गेले, मी कोणाकोणाला काय सांगू, मला ते मोबाईलचं कायच कळत नाय." त्यांच्या खोल्या भरलेल्या होत्या, तरी त्यांनी सगळ्यांना पडवीत बसवलं, आधी पाणी, मग चहा, आणि जाऊ दिलं नाही, कुळथाची पिठी आणि तांदळाच्या भाकऱ्या करून वाढल्या. पैसे घेतले नाहीत. काही लोक त्यांनाच चोर समजून अंगणात उभं राहून वाट्टेल ते बोलून गेलेत हो, आणि ती बाई एकटी आहे. त्या नंबरवाल्याने आमचे पैसे नेले तसं काकींचं नावही खराब केलं, मला तर ते जास्त लागलं.

पडवीतूनच आम्ही १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा हेल्पलाइन नंबर, सगळ्यांनी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. लगेच लागला नाही, लावत राहिलो, लागला. त्यांनी विचारलं ते कुठल्या खात्यातून गेले, कधी गेले, किती गेले, आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ नंबर, तो अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. तो हाताशी ठेवूनच फोन करा, नाहीतर तिथेच वेळ जातो. तक्रार नंबर मिळाला, मग रात्री घरी येऊन सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकले, दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज दिला आणि पोलीस स्टेशनला जाऊन आलो. निकाल असा की सकाळी गेलेले पाच हजार पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आले, ते परत मिळायची प्रक्रिया चालू आहे. आधीचे तेरा हजार पाचशे मात्र त्या खात्यातून केव्हाच पुढे गेलेले. म्हणजे जे काही वाचतं ते पहिल्या काही तासांत वाचतं. लोक काय म्हणतील, आधी घरी पोचू मग बघू, असं करत बसू नका, रस्त्यात असाल तर रस्त्यातून फोन करा.

आता त्या पॅकेजबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण तो कागद मी त्या रात्री पहिल्यांदा बघितला आणि रत्नागिरीच्या कुठल्याही माणसाने एका नजरेत ओळखलं असतं की हे लिहिणाऱ्याने आमचं शहर पाहिलेलंच नाही.

पहिलीच ओळ "रत्नदुर्ग किल्ला बोट सफर". अहो रत्नदुर्ग जमिनीला जोडलेला आहे, तीन बाजूला समुद्र असला तरी चौथ्या बाजूने रस्ता वर जातो, गाडी जाते, रिक्षा जाते, आत भगवती देवीचं देऊळ आहे, तिथे कोणी बोटीने जात नाही. बोटीने जायचा तो सिंधुदुर्ग, मालवणचा, तो इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. दोन किल्ल्यांची नावं एकमेकांत घुसवून पैसे लावले होते.

दुसरी ओळ वाचून तर मला रडू यायचं बाकी होतं. "पतितपावन मंदिर व्हीआयपी दर्शन पास." १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशाने हे देऊळ बांधलं, सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्यांच्या पुढाकाराने, आणि ते बांधलं कशासाठी तर ज्यांना बाकीच्या देवळांत पायरीच्या वर येऊ देत नव्हते त्यांच्यासकट सगळ्या हिंदूंना एकत्र गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून. त्या देवळाचा व्हीआयपी पास! त्याच्यासाठी माणशी दीडशे रुपये लावलेले. इथे पास नाही, तिकीट नाही, चपला काढायच्या आणि आत जायचं.

मग "थिबा पॅलेस स्पेशल एंट्री". ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ ला इथे आणून ठेवलं, हा राजवाडा १९१० चा, १९१६ ला राजा इथेच गेला. आत सरकारी संग्रहालय आहे, तिकीट खिडकीवर काढायचं, तेही नाममात्र. स्पेशल वगैरे काही नसतं.

"हापूस बाग, पोटभर आंबे." फेब्रुवारीत? आत्ता झाडांवर मोहोर आणि बारीक कैऱ्या आहेत, खरा हंगाम मार्च सरताना लागतो तो मे पर्यंत. बाजारात लवकरच्या थोड्या पेट्या येतात पण त्या महाग असतात, पोटभर कोणी खाऊ घालत नाही. आणि रस्त्याकडेला ढिगाने स्वस्त हापूस दिसला तर तो परराज्यातला असायची शक्यता जास्त, कोकणच्या हापूसला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बागायतदाराचं नाव-पत्ता मागा, खरा असेल तो अभिमानाने सांगतो.

शेवटची ओळ "कासव महोत्सव, पिल्लं हमखास, हातात घेऊन फोटो". ह्याच्या तर नादालाच लागू नका. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं ह्याच दिवसांत घरट्यातून बाहेर पडतात हे खरं, वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन ते काम उभं केलं, पण वेळास मंडणगड तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि पिल्लं कधी येतील ते अंड्यांवर अवलंबून, कोणी माणूस हमखास सांगू शकत नाही. हातात घेणं तर दूरच, कायद्याने संरक्षित प्राणी आहे तो. जो "हमखास" म्हणतो तो एकतर खोटं बोलतोय नाहीतर पिल्लांचा छळ करतोय.

आजी-आजोबांना शेजारच्या वहिनींनी त्यांची खोली दिली, बाकीचे आमच्याकडे दाटीवाटीने झोपले, आणि मी रजा टाकून सगळ्यांना फिरवलं. सकाळी लवकर मिरकरवाड्याला बोटी लागताना आणि मासळीचा लिलाव बघितला, सोलापूरच्या पोरांनी एवढे मासे एका जागी कधी बघितले नव्हते. मत्स्यालयात देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे, तिथून धाकटा हलेचना. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर. संध्याकाळी थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, आजोबा तिथल्या बाकावर बसले ते अंधार होईपर्यंत. एक दिवस भाट्याच्या सुरूबनात डबा नेला, मांडवीच्या जेट्टीवर भेळ खाल्ली, भगवतीची ओटी भरली. ओल्या काजूगरांची उसळ केली, आत्ता सुरुवातच आहे म्हणून गर महाग होते, पण पाहुण्यांना हीच तर चव द्यायची. आणि ह्या सगळ्याला मिळून पेट्रोल सोडलं तर त्या पॅकेजच्या पाव हिश्शाएवढेही पैसे लागले नाहीत. रत्नागिरी शहर बघायला पॅकेज लागतच नाही, रिक्षावाल्याला सांगा, तो सगळं फिरवतो. आरे-वारे करत गणपतीपुळ्याला जायचं तर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, एसटी आहे.

राहायचं बुकिंग करताना मात्र एवढं करा. मॅपवरच्या नंबरवर एकदम विसंबू नका, त्याच घराचा नंबर दुसरीकडून मिळवा, जुन्या पाहुण्यांकडून, गावातल्या दुकानातून, ओळखीच्या माणसाकडून, आणि दोन्ही जुळतात का बघा. पैसे भरायच्या आधी व्हिडिओ कॉल करून म्हणा अंगणातली तुळस दाखवा, खोली दाखवा. खरे मालक हसत दाखवतात, तो आमचा माणूस "नेटवर्क नाही" म्हणाला असता ह्याची मला खात्री आहे. खात्यावरचं नाव मालकाचं नसेल तर थांबा, कारण काही का सांगेनात. बुकिंग झाल्यावर पुन्हा पुन्हा डिपॉझिट, विमा, कन्फर्मेशन असं मागत असेल तर थांबाच. आणि "पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं म्हणाला तर सरळ फोन कट करा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. सरकारी रिसॉर्टला राहायचं असेल तर एमटीडीसीच्या स्वतःच्या साइटवरूनच बुक करा.

आणि ज्यांची अशी घरगुती राहायची सोय आहे त्या काका-काकींना माझी हात जोडून विनंती, घरातल्या कॉलेजच्या पोरांना बसवा आणि मॅपवरची माहिती आपल्या नावावर करून घ्या, दर आठवड्याला नंबर तपासा. काकींचं आम्ही करून दिलं, माझ्या मुलाने बसून केलं, आता तिथे त्यांचा नंबर आहे आणि गेटवरही तोच मोठ्या अक्षरात रंगवून घेतलाय. पण परवा बघितलं तर काकींच्याच अंगणाचे फोटो लावून गणपतीपुळ्याच्या बाजूला वेगळ्या नावाचं एक नवीन "होमस्टे" मॅपवर आलंय, नंबर तिसराच. आम्ही ते रिपोर्ट केलंय, पोलिसांनाही कळवलंय, अजून निघालेलं नाही. शिमग्यासाठी ज्यांनी ह्या पट्ट्यात बुकिंग करून ठेवलंय त्यांनी निघायच्या दिवसाची वाट न बघता आजच मालकाशी दुसऱ्या नंबरवरून बोलून घ्या.