डिडक्टिबल मोठा असेल तर: इन्शुरन्स कार्ड दाखवायचं की रोख भरायचं?

अमेरिकेत हाय-डिडक्टिबल प्लॅन घेतला की वर्षाचे पहिले काही हजार डॉलर, म्हणजे डिडक्टिबल, तसेही आपल्याच खिशातून जातात; इन्शुरन्स त्यानंतर पैसे द्यायला लागतो. ते इन्शुरन्सने ठरवलेल्या दराने द्यायचे, की कार्ड बाहेर न काढता 'सेल्फ-पे' म्हणायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

इन्शुरन्सचा दर कमीच असणार असं आपण धरून चालतो. रक्ततपासणीत मला तसाच अनुभव आला. नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्सशी करार असलेल्या, लॅबचा दर इतका खाली होता की रोखीच्या भानगडीत पडायचं कारणच नव्हतं. एमआरआयचं गणित वेगळं निघालं. खांद्यासाठी हॉस्पिटलात किंमत विचारली, तर "तुमच्या इन्शुरन्सवर आहे." इन्शुरन्सला विचारलं, तर "ते कोणता कोड लावतात त्यावर आहे." दोघंही अगदी गोड बोलत होते, आकडा कोणीच सांगेना. पूर्वी एकदा असंच आकडा न कळता स्कॅन केला होता. आधी मशीनचं बिल आलं, मग रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं वेगळं, आणि मधेच 'हे बिल नाही' असं ठळक छापलेला ईओबी, म्हणजे इन्शुरन्सकडून येणारा खर्चाच्या हिशोबाचा कागद. या वेळी स्वतंत्र इमेजिंग सेंटरला फोन केला. "सव्वाचारशे, रिपोर्टसकट." विषय संपला. हॉस्पिटलात कदाचित याच्या आसपासच पडलं असतं, सांगता येत नाही. पण सांगता येत नाही हेच तर माझं दुखणं होतं.

शिवाय २०२२ पासून लागू झालेल्या नो सर्प्रायझेस कायद्यामुळे सेल्फ-पे पेशंटला आधी लेखी अंदाज मागता येतो. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त फुगलं, तर १२० दिवसांत दाद मागता येते.

रोखीची खोट एकच, पण मोठी: ते पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत. २०२६ मध्ये एचएसएला (आरोग्यखर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्याला) चालणाऱ्या फॅमिली प्लॅनचा डिडक्टिबल किमान ३,४०० डॉलर आहे. घरात बाळंतपण असेल, ऑपरेशन दिसत असेल किंवा दर महिन्याला महागडं औषध लागत असेल, तर तो जानेवारीपासूनच भरत गेलेला बरा. तिथे मी रोखीचं नावही काढणार नाही. वार्षिक तपासणी आणि लसी नेटवर्कमध्ये डिडक्टिबलआधीही फुकटच, त्यामुळे तिथेही कार्डच. पण दिवाळी उलटून गेली, डिडक्टिबल जेमतेम सुरू झालाय आणि एकच स्कॅन किंवा फिजिओथेरपी उरलीय, तर १ जानेवारीला पाटी पुन्हा कोरी होणारच आहे. अशा वेळी मी सरळ रोख भरतो. एचएसएचं कार्ड तिथेही चालतं, पावती तेवढी जपून ठेवायची.

सेंटर नेटवर्कमधलं असेल तर ते आपणहून इन्शुरन्सकडे क्लेम टाकू शकतात. पूर्ण पैसे भरणार असाल, तर या तपासणीची माहिती इन्शुरन्सला कळवू नका असं सांगायचा हक्क हिपाच्या, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याच्या, नियमांत आहे. तो अर्ज तपासणीच्या आधीच काउंटरवर द्या.