‘योजनेत हलका स्टेंट बसतो, फरक भरा’

हॉस्पिटलच्या दारावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा बोर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच बोर्डाखाली माझ्या चुलत्यांना लुटलं. तक्रार चालू आहे, म्हणून हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

2024 ची दिवाळी झाली आणि काकांना अटॅक आला. आमचं गाव करमाळा तालुक्यात. गाडी करून त्यांना शहरात नेलं, अँजिओग्राफीत दोन ब्लॉकेज निघाले. म्हणजे दोन स्टेंट, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या. केशरी रेशनकार्ड आणि आधार काउंटरवर दिलं, कागदांवर काकूंचे अंगठे घेतले. मग काउंटरवरचा माणूस चुलतभावाला जिन्यापाशी घेऊन गेला. “योजना बसते, पण तिच्यात हलका स्टेंट येतो. वर्षभरात पुन्हा ब्लॉक. वडिलांना चांगला टाकायचा असेल तर फरक भरा. आणि फरकाची पावती निघत नाही.” फरक एक लाख ऐंशी हजार. डॉक्टर आत तयार आहेत, पटकन सांगा.

बाप आत टेबलावर असताना कुठला मुलगा ‘हलका चालेल’ म्हणेल? यांचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालतो.

आता हिशेब बघा. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा 29,600 रुपये, वर कर. पुढे ती थोडी कमी-जास्त होत वाढली, तरी 2025 पर्यंत चाळीस हजारांच्या आतच होती. देशी असो की इम्पोर्टेड, मर्यादा एकच. म्हणजे दोन्ही स्टेंट पूर्ण किमतीला विकत घेतले असते तरी कर सोडून ऐंशी हजार झाले नसते. आमच्याकडून नुसता ‘फरक’ त्याच्या दुपटीहून जास्त घेतला.

घरात होते चाळीस हजार, तेही चुलतभावाच्या खात्यावर. ते त्या माणसाच्या मोबाईल नंबरवर फोनपे केले. बाकीचे एक लाख चाळीस हजार गावातल्या एकाने रात्रीत दिले, शेकडा तीन रुपये महिन्याने. व्याजच महिन्याला बेचाळीसशे. तारण म्हणून त्याने दीड एकराचं खरेदीखत करून घेतलं, पैसे फिटले की उलटं करून देतो या तोंडी बोलीवर. काकांना ऊस-मोळीचं काम बंद, चुलतबहिणीचं नर्सिंगचं ॲडमिशन राहिलं. आजार तीन दिवसांत आटोक्यात आला, कर्ज अजून घरात आहे.

फसवणूक कळली ती योजनेच्या कॉल सेंटरवरून खुशाली विचारायला फोन आला तेव्हा. “उपचार पूर्ण मोफत झाले ना?” काकू म्हणाल्या, “मोफत कुठलं बाई!” मग उलगडलं: हॉस्पिटलने योजनेकडे पूर्ण पॅकेजचा क्लेम टाकला होता. योजनेत पॅकेज ठरलेलं असतं, स्टेंट त्यातच धरलेला असतो, पेशंटकडून वर एक रुपयाही घ्यायचा नसतो.

योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे लेखी तक्रार दिली. हॉस्पिटल म्हणालं, पावती दाखवा. फोनपेचा स्क्रीनशॉट दाखवला तसे चाळीस हजार मुकाट परत आले, ‘कर्मचाऱ्याचा वैयक्तिक व्यवहार’ म्हणून. रोखीतल्या पैशांचा पुरावा नाही, त्याची चौकशी रखडलीय.

तुमच्यावर अशी वेळ आली तर जिन्यापाशी जाऊ नका. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, त्या काउंटरवाल्यासमोरच विचारा, किंवा तिथूनच योजनेच्या 155388 ला फोन लावा. जुलै 2024 पासून पांढरं रेशनकार्डही चालतं, तेव्हा ‘तुमचं कार्ड बसत नाही’ हे ऐकून घेऊ नका. स्टेंटच्या खोक्यावरचं किंमत आणि बॅच नंबरचं स्टिकर फाईलला लावून मागा. आमच्या फाईलला ते नव्हतंच. आणि बिल राहिलं म्हणून पेशंट अडवून ठेवता येत नाही. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा.

खरेदीखताचंही ऐका. विनापरवाना सावकाराने अशी लिहून घेतलेली जमीन 2014 च्या सावकारी कायद्यात परत मागता येते, व्यवहाराला पंधरा वर्षं होण्याआधी. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. काकांनी केलाय. अर्ज गेल्याचं कळल्यावर सावकार स्वतः घरी येऊन ‘मिटवून घेऊ’ म्हणाला, आणि व्याज तीनाचं दोन करायला तयार झाला. काकांनी अर्ज मागे घेतलेला नाही.