एकच समाजकार्यकर्ता, तीन वाटा: आरोग्यदायी सवयींसाठी कोणती पद्धत निवडावी?

अनेक संस्थांकडे आणि रुग्णालयांकडे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याचे एकच पद असते, आणि अपेक्षा मात्र अशी असते की त्या एका माणसाच्या कामातून लोकांनी तंबाखू सोडावी, औषधे वेळेवर घ्यावीत, व्यायाम सुरू करावा आणि तपासणीला न चुकता यावे. त्याचा वेळ व्यक्तिसहाय्य कार्यात (एकेका व्यक्तीसोबतच्या कामात) घालावा, गटकार्यात (सारखी अडचण असलेल्यांच्या छोट्या गटासोबतच्या कामात) घालावा की समुदाय संघटनात (वस्तीतल्या लोकांना एकत्र आणून परिस्थिती बदलण्याच्या कामात), हे ज्यांना ठरवायचे आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे. अभ्यासक्रमात या तिन्ही पद्धती एका ओळीत शिकवल्या जातात. प्रत्यक्षात मात्र त्या तीन निराळ्या अडचणींवरचे उपाय आहेत, आणि निवड चुकली तर चांगला कार्यकर्ता वर्षभर राबूनही हाती फारसे काही लागत नाही.

व्यक्तिसहाय्य कार्याचा रुग्णालयांशी जुना संबंध आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली समाजकार्याची सुरुवात केली, कारण रुग्णाच्या घरची आणि कामाची परिस्थिती कळल्याशिवाय डॉक्टरांचा सल्ला अमलात येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. या पद्धतीचे बळ आजही तेच आहे. समजा, दीर्घकाळ औषध घ्यावे लागणाऱ्या एका माणसाच्या घरी कार्यकर्ती गेली आणि तिने त्याची सात खणांची गोळ्यांची डबी उघडून पाहिली. पाच खण रिकामे आहेत आणि सुट्टीच्या दोन दिवसांचे भरलेले आहेत. नोंदवहीत या माणसापुढे ‘औषधाबाबत निष्काळजी’ असा शेरा पडला असता. पण शांतपणे विचारल्यावर कळते की त्या दोन दिवशी खोलीतला सोबती घरी असतो आणि त्याच्यासमोर गोळी घेतली तर आजार उघड होईल अशी भीती आहे. ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानात किंवा फलकावर सापडली नसती, आणि ती कळल्यावर उपाय मात्र साधा निघतो: डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलणे.

याच पद्धतीला मानसशास्त्राची मोलाची साथ मिळाली आहे. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या लोकांच्या अभ्यासातून प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ साली बदलाचे टप्पे, म्हणजे सवय बदलताना माणूस ज्या पायऱ्यांतून जातो त्या, मांडले, आणि त्याच वर्षी विल्यम मिलर यांनी मद्यपानाची समस्या असलेल्यांसाठी प्रेरक मुलाखतीची पद्धत वर्णन केली. दोन्हींचा अर्थ कामाच्या भाषेत सांगायचा तर, ज्याच्या मनात सोडण्याचा विचारच आलेला नाही त्याला तारीख ठरवायला लावू नये, आणि बदलाची कारणे आपण सांगण्याऐवजी ती त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत. मर्यादा उघड आहे: गृहभेट, पाठपुरावा आणि नोंदी यांत वेळ जातो, त्यामुळे एक कार्यकर्ती मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचते.

गटकार्यात हाच वेळ आठ-दहा जणांना एकदम मिळतो. पण गट निवडावा तो वेळ वाचतो म्हणून नव्हे. अमेरिकेतील ॲक्रन शहरात १९३५ साली दोन मद्यासक्त व्यक्तींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस हे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे संघटन उभे राहिले. ते व्यावसायिक समाजकार्य नव्हते, तरी जो त्याच वाटेने गेला आहे त्याचा शब्द किती लागू पडतो, हे त्याने दाखवून दिले. आपल्यासारख्याच माणसाला जमलेले पाहिले की आपल्यालाही जमेल असा विश्वास वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली सिद्धांतरूपाने मांडले. गटात हे डोळ्यांदेखत घडते. एखादा सदस्य मान खाली घालून सांगतो की त्याने पुन्हा सिगारेट ओढली, क्षणभर कोणी बोलत नाही, आणि मग समोरचा म्हणतो, ‘दुसऱ्या आठवड्यात माझंही असंच झालं होतं.’ त्या क्षणी कार्यकर्तीने गप्प राहणे हेच तिचे कौशल्य असते. वेळापत्रकही इथे महत्त्वाचे आहे: निकोटिन सोडल्यावरचा त्रास पहिल्या काही दिवसांत सर्वांत तीव्र असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून बैठका सुरुवातीला दाट आणि नंतर विरळ ठेवाव्यात. महिन्यातून एकदा भरणारा गट मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो. मात्र ज्या आजाराला समाजात कलंक चिकटलेला आहे तिथे गटाची घाई करू नये. गटातली गोष्ट बाहेर गेली तर नुकसान त्या माणसाला सोसावे लागते, संस्थेला नाही.

तिसरी वाट समुदाय संघटनाची. सवयी बदलण्याबद्दल बोलताना आपण सगळा भार व्यक्तीवर टाकतो, ही माझी मोठी तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतून आलेल्या १९८६ च्या ओटावा सनदेत आरोग्यवर्धनाची पाच कार्यक्षेत्रे सांगितली आहेत आणि वैयक्तिक कौशल्ये वाढवणे हे त्यांपैकी केवळ एक आहे. उरलेली चार धोरण, पोषक परिसर, समुदायाची कृती आणि आरोग्यसेवांची दिशा यांच्याशी संबंधित आहेत. जिथे नळाला पाणी नाही तिथे हात धुण्याचे धडे देणे हा लोकांचा अपमान आहे, आणि जिथे संध्याकाळी रस्त्यावर दिवे नसतात तिथे बायकांना चालायला जा असे सांगण्यात काही अर्थ नाही. अशा ठिकाणी लोकांना एकत्र आणणे, मागणी नेमकी लिहायला मदत करणे आणि योग्य कार्यालयापर्यंत पोहोचवणे, हेच आरोग्याचे काम होय. पण त्याला वेळ लागतो, श्रेय कोणाचे हे सांगता येत नाही आणि मोठ्या आवाजाचे चार जण सगळ्यांच्या नावाने बोलू लागण्याचा धोका कायम असतो. निधी देणारे दर तीन महिन्यांनी आकडे मागत असतील, तर हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे.

माझ्या मते निर्णयाची सुरुवात पद्धतीपासून करूच नये. पहिले सहा आठवडे कार्यकर्तीला अशा वीसेक लोकांकडे पाठवावे ज्यांना सल्ला मिळाला आहे पण तो पाळला जात नाही, आणि एकच प्रश्न विचारायला सांगावा: नेमके काय आड येते? उत्तरे भीती, लाज किंवा द्विधा मनःस्थितीची असतील तर व्यक्तिसहाय्य कार्य. सोबत्यांमुळे सवय सुटत नाही किंवा एकट्याने टिकत नाही असे येत असेल तर गट. आणि पाणी, अंतर, कामाचे तास, पैसा हेच शब्द पुन्हा पुन्हा येत असतील तर समुदाय संघटन. उत्तरे मिसळलेली असतील, जी बहुधा असतातच, तर मी बहुतेक वेळ गटाला देईन आणि आठवड्यातला एक दिवस गृहभेटींसाठी राखीन, कारण गटात येणे थांबवलेला माणूस फक्त त्याच्या दारातच भेटतो.

निवड कोणतीही असो, कार्यकर्तीच्या कामाचे मोजमाप घेतलेल्या सत्रांच्या संख्येवर ठेवू नये. सहा महिन्यांनी किती जण सवय टिकवून आहेत आणि मध्येच सुटलेल्यांपैकी किती जण परत आले, हे दोन रकाने तिच्या नोंदवहीत पहिल्या दिवसापासून असावेत.