वेब प्रॉक्सी, फुकट प्रॉक्सी, व्हीपीएन की टॉर? चौघांना एकाच फोनवर तपासून पाहिलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे अर्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन. दुपारभर रांग, संध्याकाळी पानठेल्यावरची उरलेली मंडळी. त्या दिवशी शेजारच्या गावचा एक पोट्टा सगळे जाईस्तोवर थांबला. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "काका, ते प्रॉक्सीवाली वेबसाइट असते ना, तिच्यातून टाकलं तं कोणी टाकलं हे समजत नाई म्हंते पोट्टे. खरं हाय काय?"

टाकायचं काय होतं? त्याच्या गावातल्या सिमेंट रस्त्याचे फोटो. बिल निघालं पूर्ण लांबीचं, आणि रस्ता मारुतीच्या देवळापाशीच संपला. टेप लावून मोजलेलं होतं त्यानं.

मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. कारण "प्रॉक्सी लावली की झालं" हे मीही वर्षानुवर्षं ऐकत आलोय, पण बसून तपासलेलं नव्हतं. रविवारी केंद्र बंद ठेवून एकच फोन, एकच सिम आणि एकच जागा धरून चार गोष्टी पाहिल्या: वेब प्रॉक्सी, फुकटच्या यादीतली प्रॉक्सी, व्हीपीएन आणि टॉर. चौघांचं काम एकच, तुमच्या आणि साइटच्या मधे उभं राहून तुमचा पत्ता झाकणं. ज्यांना यातलं एक निवडायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रोमची खासगी विंडो या यादीत घेतलीच नाही. ती फक्त तुमच्या फोनवर मागे राहणाऱ्या खुणा पुसते, समोरच्या साइटला तुमचा पत्ता जसाच्या तसा दिसतो.

आधी स्वतःचा पत्ता वहीत लिहा

काहीही न लावता आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, दाखवणारी साइट उघडायची आणि दिसेल ते उतरवून घ्यायचं. मोबाइल डेटावर बहुतेक वेळा दोन पत्ते दिसतात. एक जुन्या पद्धतीचा आयपीव्ही४, ठिपक्यांचा. दुसरा आयपीव्ही६, लांबलचक आणि विसर्गासारख्या दुहेरी ठिपक्यांचा. दोन्ही लिहा. पुढची निम्मी फसगत या दुसऱ्या पत्त्यापाशीच होते.

इथं एक गैरसमज मिटवतो. मोबाइल कंपनी एकच आयपीव्ही४ पत्ता शेकडो गिऱ्हाइकांना वाटून देते, म्हणून "आपण गर्दीत आहोत, कोण शोधतं" असं वाटतं. पण कोणत्या वेळी कोणता पोर्ट, म्हणजे त्या वाटलेल्या पत्त्यावरचा दार-क्रमांक, कोणत्या सिमला दिला होता, याची नोंद कंपनीकडे असते. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हापासून अशा नोंदी किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात.

वेब प्रॉक्सी

म्हणजे ती साइट जिच्यात एक चौकट असते, चौकटीत दुसऱ्या साइटचा पत्ता टाकायचा आणि पान तिच्यातूनच उघडतं. काहीही बसवावं लागत नाही. कॉलेजच्या वायफायवर बंद असलेली साइट पाहायला पोरं हेच वापरतात.

पहिली चाचणी झकास झाली. आयपी दाखवणाऱ्या साइटनं मला नेदरलँड्समध्ये बसवलं. बहुतेक जण इथंच थांबतात आणि खूश होऊन पुढच्या कामाला लागतात. मी मग हेडर, म्हणजे पान मागताना सोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी, दाखवणारी साइट त्याच प्रॉक्सीतून उघडली. "एक्स-फॉरवर्डेड-फॉर" नावाच्या ओळीत माझा खरा पत्ता ठळक लिहिलेला. म्हणजे आपण चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती धाडली, आणि त्यानं पाकिटाच्या मागे "अमक्याच्या सांगण्यावरून" असं लिहूनही टाकलं. यात लबाडीच असते असं नाही. कीपॅडच्या फोनवर आपण सगळे ऑपेरा मिनी वापरायचो, आठवतं? तेही पान आधी आपल्या सर्व्हरवर आणून बारीक करून धाडायचं, आणि फोनचा पत्ता याच ओळीत पुढे कळवायचं. ते लपवण्यासाठी नव्हतंच, डेटा वाचवण्यासाठी होतं.

दुसरी वेब प्रॉक्सी घेतली. हिचे हेडर स्वच्छ निघाले. मग वेबआरटीसीची चाचणी. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून ही सोय असते, आणि त्यासाठी ब्राउझर बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो, "बाबा, माझा पत्ता तुला काय दिसतो?" हा प्रश्न प्रॉक्सीच्या चौकटीतून जात नाही, थेट जातो. २०१५ मध्ये हे जगजाहीर झालं, पण बहुतेक वेब प्रॉक्सी त्याला आवर घालत नाहीत, आणि ब्राउझर तर तुमचाच आहे. पडद्यावर माझा आयपीव्ही६ पत्ता आला. वहीत होता तोच, अक्षर न् अक्षर.

याशिवाय घड्याळ आणि भाषा. ब्राउझर साइटला वेळेचा पट्टा सांगतो, आणि पसंतीची भाषाही सांगतो. नेदरलँड्समधून आलेला गडी, घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, भाषा मराठी. आता हा कुठला, हे शोधायला सीआयडी कशाला लागते? पडद्याचा आकार, फॉन्ट, फोनचं मॉडेल यांची जोड मिळाली की ब्राउझरचा अंगठाच उमटतो. अमेरिकेतल्या ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये सुमारे ४,७०,००० ब्राउझर तपासले होते, त्यातल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा इतर कोणाशी जुळला नाही. त्यांची चाचणी अजून चालू आहे, 'कव्हर युअर ट्रॅक्स' नावानं. एकदा करून पाहा.

पण वेब प्रॉक्सीचं खरं दुखणं कोणत्याही चाचणीत दिसत नाही. वर पत्त्याच्या पट्टीत नीट पाहा: तिथं प्रॉक्सीचं नाव असतं, तुम्ही उघडलेल्या साइटचं नाही. म्हणजे ते कुलपाचं चिन्ह (पत्त्याआधीचं https) तुमच्यापासून प्रॉक्सीपर्यंतच खरं. पुढचं सगळं प्रॉक्सी उघडून वाचते, तशी वाचल्याशिवाय तिला पान दाखवताच येत नाही. तिच्यातून बँक, ईमेल किंवा फेसबुकात शिरलात तर पासवर्ड एका अनोळखी माणसाच्या हातात दिला असं समजा. आणि लॉगिन केलं की लपायचं राहिलंच कुठं? नाव तर आपणच सांगितलं.

यादीतली फुकट प्रॉक्सी

आयपी आणि पोर्ट अशी जोडी मिळते, ती वायफायच्या सेटिंगमध्ये टाकायची. दहा टाकल्या, दोन चालल्या. अँड्रॉइडवर ब्राउझर ती मानतो, बाकीची कित्येक ॲप मानत नाहीत. यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. पासवर्डाच्या बाबतीत ही वेब प्रॉक्सीपेक्षा बरी, कारण कुलूपवाल्या साइटसाठी ती फक्त बोगदा खणून देते, आतलं तिला वाचता येत नाही. पण त्यामुळेच हेडरची चाचणी दोनदा करावी लागते, कुलूपवाल्या पानावर आणि बिनकुलपाच्या पानावर. माझ्याकडे कुलपाच्या पानावर सगळं स्वच्छ होतं. बिनकुलपाच्या पानावर "व्हाया" या ओळीत प्रॉक्सीचं नाव आणि खाली माझा पत्ता. ती प्रॉक्सी कोण चालवतं, की कोणाचं तरी उघडं पडलेलं मशीन आहे, काही कळायला मार्ग नाही. मी ही वापरणार नाही.

व्हीपीएन

हे ब्राउझरपुरतं नसून अख्ख्या फोनचा रस्ता बदलतं. (काही ब्राउझरच्या आतच व्हीपीएन म्हणून जे बटण असतं, ते मात्र त्या ब्राउझरपुरतंच चालतं. व्हॉट्सॲप त्यातून जात नाही.) फोन आणि व्हीपीएनचा सर्व्हर यांच्यामधलं काहीही मोबाइल कंपनीला किंवा वायफायवाल्याला वाचता येत नाही. वर्धा स्टेशनवरच्या उघड्या वायफायवर ईमेल पाहायचा असेल तर यातलंच घ्या.

मी आधी एक फुकटचं ॲप बसवलं, नाव सांगत नाही. आयपीव्ही४ बदलला, आयपीव्ही६ तसाच उघडा. बैलाला झूल घातली आणि शिंगं बाहेर. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सोय, तिच्या गळतीच्या चाचणीतही माझ्याच मोबाइल कंपनीचे सर्व्हर दिसले. म्हणजे मी कोणत्या साइटचं नाव विचारतोय हे तिला कळतच होतं. पैसे भरून घेतलेलं दुसरं ॲप या दोन्ही चाचण्यांत पास झालं.

तिसरी चाचणी आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि शहरातले लोक ती सांगत नाहीत. आपल्याकडे टॉवर मधूनच जातो. व्हीपीएन तुटतं, नेट परत येतं, आणि व्हीपीएन पुन्हा जोडेपर्यंतच्या काही सेकंदांत सगळं उघड्यावरून जातं. पाहायचं असेल तर आयपीचं पान उघडं ठेवा, फ्लाइट मोड लावा, काढा, आणि लगेच पान ताजं करा. माझा खरा पत्ता दोनदा दिसला. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये "ऑलवेज-ऑन" आणि त्याखाली व्हीपीएनशिवाय जोडणी रोखण्याचा खटका असतो. दोन्ही चालू केल्यावर पुन्हा दिसला नाही.

आता विश्वासाचं. व्हीपीएनवाल्याला तुमचा पत्ताही दिसतो आणि तुम्ही जाता ती साइटही. मोबाइल कंपनीच्या जागी तो बसला, एवढंच. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या हाइड माय ॲस या सेवेनं न्यायालयाच्या आदेशावरून आपल्या गिऱ्हाइकाच्या नोंदी दिल्या होत्या. नावातच लपवण्याची हमी असलेली ही सेवा सुरुवातीला वेब प्रॉक्सीच होती. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली, आणि तिचं फुकट व्हीपीएन ॲप लोक कोणती ॲप वापरतात हे फेसबुकला कळवायचं. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना गिऱ्हाइकांची नावं, पत्ते ५ वर्षं ठेवायला सांगितलं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी इथले सर्व्हर काढून घेतले. "आम्ही नोंदी ठेवत नाही" हे जाहिरातीत लिहिलेलं असतं, घरी बसून तपासता येत नाही.

टॉर

इथं रस्ता तीन मुक्कामांचा. पहिल्या मुक्कामाला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठं चाललात ते नाही. तिसऱ्याला कुठं चाललात ते कळतं, पण कोण ते नाही. कोणा एकावर विश्वास ठेवावा लागत नाही, आणि इतर तिघांमध्ये हीच खोट होती. अँड्रॉइडसाठी टॉर ब्राउझर २०१९ पासून अधिकृत आहे, फुकट आहे.

चाचण्या सरळ पार पडल्या. टॉर बनवणाऱ्या टॉर प्रोजेक्ट या संस्थेच्या तपासणी पानानं तुम्ही टॉरवर आहात असं सांगितलं. हेडर स्वच्छ, वेबआरटीसी मुळातच बंद, डीएनएस टॉरमधूनच, घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर. भाषा मी इंग्रजी ठेवली. पण वेग विचारू नका. एकदा पान उघडेपर्यंत मी चहा मांडून आलो. कित्येक साइट "तुम्ही यंत्रमानव नाही ना" असं विचारत ट्रॅफिक सिग्नलांचे फोटो निवडायला लावतात. आणि फक्त टॉर ब्राउझरमधलंच टॉरमधून जातं, बाकी ॲप नेहमीच्याच रस्त्यानं.

टॉर वापरलं हे मात्र मोबाइल कंपनीला दिसतं. आत काय केलं ते नाही. हे किती महाग पडू शकतं त्याचं उदाहरण डिसेंबर २०१३ चं आहे. हार्वर्डमध्ये एका विद्यार्थ्यानं परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फुटलं नाही. पण त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवर टॉर कोण वापरत होतं याची नोंद होती, तेवढ्यावरून एफबीआय त्याच्या दारात. हार्वर्डसारख्या ठिकाणी ही गत, तर तीनशे उंबऱ्यांच्या गावात त्या रात्री टॉर उघडणारा एकच गडी असणार. टॉरमध्ये "ब्रिज" नावाची सोय आहे, तिनं टॉरचा वापर ओळखणं अवघड होतं.

मग कोणी काय घ्यावं

बंद असलेली साइट नुसती वाचायची, लॉगिन नाही, कोणाला कळलं तरी फरक पडत नाही: वेब प्रॉक्सी चालेल, तेवढ्यासाठी बाकी कशाची गरज नाही. पासवर्ड टाकायचा असेल तर तिचं नाव काढू नका. उघड्या वायफायवर रोजचं काम असेल तर पैसे मोजलेलं व्हीपीएन, वरच्या तिन्ही चाचण्या करून. ज्या साइटवर जाताय तिला आणि मधल्यांना दोघांनाही तुम्ही कोण हे कळू द्यायचं नसेल तर टॉर, आणि त्यात स्वतःच्या नावाचं कोणतंच खातं उघडायचं नाही. दोन साधनं एकावर एक चढवून बसू नका. कुठं गळतंय हे तपासणं दुप्पट अवघड होतं.

संध्याकाळी पोट्टा आला. वहीतली पानं दाखवली. तो म्हणाला, "म्हंजे टॉरच लावतो काका." मी विचारलं, तुला लपायचं कोणापासून आहे? सरपंच आणि ठेकेदार, दोघांपासून. त्यांच्याकडे तुझा आयपी कोण घेऊन येणार आहे? ते फोटो पाहतील, मजकूर वाचतील, आणि टेप घेऊन रस्त्यावर कोण फिरत होतं हे पानठेल्यावर विचारतील.

मजकूर दाखव म्हटलं. त्यात देवळापाशी रस्ता "हुकला" असं लिहिलं होतं, आणि हा शब्द त्या गावात एकच घर वापरतं, त्याच्या आजीपासून. तो बदलला. मग फोटोंचा तपशील उघडला. पाचही फोटोंत अक्षांश-रेखांश भरलेले, फोनचं मॉडेल, वेळ सेकंदापर्यंत. प्रॉक्सी, व्हीपीएन, टॉर, कोणीही फोटोच्या पोटातलं काढत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. त्याला आधी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करायला लावलं, आणि फोटो मोठे करून एकेक पाहायला बसलो.

तिसऱ्या फोटोवर तो थांबला. टेप सरळ धरलेली, सिमेंटची कड स्पष्ट, आणि डाव्या कोपऱ्यात अर्धी दिसणारी मोटारसायकल. नंबर प्लेटसकट.

"काका," तो म्हणाला, "हे तं आपलीच गाडी हाय."

सोमवारी सकाळी तो पुन्हा फोटो काढायला गेला. पायी.