नावांच्या पुस्तिका आणि अ‍ॅप : ‘रुमैसा’च्या कसोटीवर

मुस्लिम मुलामुलींच्या नावांच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका नागपुरात मोमिनपुऱ्यात उर्दू पुस्तकांच्या दुकानांत मिळतात, ताजबागेकडच्या स्टॉलवर दिसतात, बर्डीवर मराठी नामावल्यांच्या शेजारीही मांडलेल्या असतात. मोबाइलवरची नावांची अ‍ॅप बहुतेक याच यादीवर उभी आहेत, फक्त शोधायची सोय जास्त. आता ‘इनाया’सारखी अरबी नावं हिंदू घरांतल्या बारशांतही ऐकू येतात, म्हणून हा माल नेमका किती भरवशाचा आहे हे सगळ्यांनीच बघून घ्यावं.

निकाल आधी सांगतो. नाव सुचण्यासाठी पुस्तिका चांगली, अ‍ॅप त्याहून चांगलं. अर्थासाठी दोन्हींवर विसंबू नये. फातिमा, मरियम, झैनब अशी रुळलेली नावं असतील तर फारसं बिघडत नाही. दुर्मीळ नाव निवडलं की मात्र या याद्यांचा कस लागतो, आणि तिथे त्या उतरत नाहीत.

‘रुमैसा’ घ्या. कानाला गोड, उच्चाराला सोपं, आपल्याकडे कमी ऐकू येणारं. पुस्तिकेत किंवा अ‍ॅपवर याच्यासमोर सहसा ‘फुलांचा गुच्छ’ किंवा ‘गुलदस्ता’ असं लिहिलेलं सापडतं. अरबी शब्द सहसा तीन अक्षरांच्या मुळातून, म्हणजे धातूतून, बनतात. अरबी कोशात या नावाच्या धातूखाली फूलही नाही आणि गुच्छही नाही. धातू आहे रे-मीम-स्वाद, ही तीन अक्षरं. ‘रमस’ म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात जमणारं पांढरं चिपड. जुने अरबी कोशकार इतके काटेकोर की ते चिपड ओलं असून वाहत असेल तर ‘गमस’ आणि सुकून घट्ट झालं असेल तर ‘रमस’, असा फरक नोंदवून ठेवतात. ज्या बाईच्या डोळ्यांत असं चिपड येतं ती ‘रमसा’, आणि त्याचं लाडकं, लहान रूप ‘रुमैसा’. ‘हमरा’चं ‘हुमैरा’ होतं, ‘हसन’चं ‘हुसैन’ होतं, तोच हा साचा. हा साचा एकदा ओळखता आला की पुस्तिकेतली अशी कितीतरी नावं आपली आपल्याला उलगडतात. पुस्तिका मात्र तो कुठेच समजावून सांगत नाही. ही तिची सगळ्यात मोठी उणीव.

एवढं वाचून नाव बाजूला टाकू नका. अरबांमध्ये शरीराच्या एखाद्या खुणेवरून नाव पडणं ही रोजची गोष्ट होती आणि त्यात कमीपणा नव्हता. हे नाव टिकलं ते शब्दार्थामुळे नाही, एका बाईमुळे. मदिनेच्या अन्सारांपैकी, म्हणजे पैगंबरांना साथ देणाऱ्या मदिनावासीयांपैकी, उम्म सुलैम बिन्त मिलहान, हदीस (पैगंबरांची वचनं आणि आठवणी) सांगणाऱ्या अनस बिन मालिक यांच्या आई, यांचं हे नाव. अबू तलहा यांनी लग्नाची मागणी घातली तेव्हा उम्म सुलैम यांनी मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचं धन, म्हणून सोनंनाणं मागितलं नाही. तुम्ही इस्लाम स्वीकारा, तोच माझा मेहर, असं सांगितलं. हुनैनच्या लढाईत त्या कमरेला खंजीर लावून होत्या. पैगंबरांनी आपल्याला स्वर्गात अबू तलहांची पत्नी रुमैसा दिसली असं सांगितल्याची हदीस इमाम बुखारी यांच्या संग्रहात आहे, आणि इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात त्याच बाईचं नाव ‘गुमैसा’ असं येतं. म्हणजे ओलं आणि सुकं, दोन्ही रूपं एकाच व्यक्तीच्या नावात. पैगंबरांनी अर्थ खटकणारी काही नावं बदलली होती, ‘आसिया’ म्हणजे आज्ञा मोडणारी या नावाच्या मुलीला त्यांनी ‘जमीला’ केलं. (फिरऔनच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, बायकोचं ‘आसिया’ वेगळ्या अक्षरांचं, तो घोळ करू नये.) रुमैसा हे नाव त्यांनी स्वतः उच्चारलं, बदललं नाही. ठेवायला हरकत आहे का, या प्रश्नाचं यापेक्षा पक्कं उत्तर दुसरं नाही. चांगल्या पुस्तिकेत ही एवढी माहिती दोन ओळींत बसली असती. तिथे गुलदस्ता छापून पुस्तिका नावाची खरी श्रीमंतीच झाकून टाकते.

‘गुमैसा’ आकाशातही आहे. जुन्या अरबी कथेत सुहैल, म्हणजे आपला अगस्त्य तारा, दक्षिणेला निघून गेला. व्याध त्याच्यामागे आकाशगंगा ओलांडून गेला, आणि प्रश्वा हा तारा अलीकडच्या काठावर रडत राहिला, इतका की डोळे चिपडले. (अरबीत व्याध आणि प्रश्वा या दोघी बहिणी.) म्हणून प्रश्वाला गुमैसा म्हणत, आणि आज तेच नाव प्रश्वाच्याच तारकासमूहातल्या, लघुलुब्धकातल्या, दुसऱ्या ताऱ्याला, गोमैसाला, लागलेलं आहे. हिवाळ्यात नागपूरहून व्याध आणि प्रश्वा सहज दिसतात. अगस्त्य मात्र दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर चढतो, इमारती आडव्या आल्या तर दिसत नाही.

आता लिखाण, कारण खरी भानगड इथे होते. उर्दू किंवा अरबीत हे नाव ‘स्वाद’ने लिहायचं, ‘सीन’ने नाही. देवनागरीत दोन्हींचा ‘स’च होतो, त्यामुळे फक्त देवनागरी छापणारी यादी पाहून अरबीत लिहायला गेलं की हमखास सीन पडतो. सीनने धातू बदलतो, आणि त्या धातूचा अर्थ पुरणं, मातीआड करणं. ‘रम्स’ म्हणजे कबर. दारावरची पाटी किंवा अकीक्याची (बाळाच्या नामकरणाच्या विधीची) पत्रिका अरबी अक्षरांत करून घेणार असाल तर कारागिराला स्वाद लिहूनच द्या, तोंडी सांगू नका. शेवटी अलिफ या अक्षरानंतर हम्झा हे चिन्हही येतं, ते आपल्याकडे उच्चारत नाहीत आणि उर्दूत बऱ्याचदा गाळतात. गाळलं तरी अर्थ बिघडत नाही. देवनागरीत ‘रुमैसा’ हेच ठेवावं. ‘रुमेसा’ किंवा ‘रुमयसा’ लिहिलं की वाचणारा अडखळतो.

अ‍ॅपमधल्या ‘लोकप्रियता’ रकान्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तिथे तारे किंवा टक्के दिसतात, ते कशावरून काढले हे सांगितलेलं नसतं. अमेरिकेची सोशल सिक्युरिटी संस्था दरवर्षी बाळांच्या नावांचे आकडे जाहीर करते, इंग्लंड-वेल्समध्येही सरकारी यादी निघते. भारतात जन्मनोंदणीतून नावांची अशी क्रमवारी जाहीर होत नाही. म्हणून ‘भारतात अमुक क्रमांकाचं नाव’ असं कुणी लिहिलं तर ते सोडून द्यावं. इतकं खात्रीने म्हणता येतं की तुर्कस्तानात हे नाव ‘रुमेयसा’ अशा उच्चाराने चांगलंच रुळलेलं आहे. २०२१ मध्ये गिनीजने जगातली सर्वांत उंच हयात महिला म्हणून नोंदवलेल्या रुमेयसा गेल्गी, उंची २१५.१६ सेंटिमीटर, तुर्कीच आहेत. नाव दुर्मीळ आहे ते आपल्याकडे.

राशीचा रकानाही असाच. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रांची नावाक्षरं देणाऱ्या तक्त्यात, ‘रू’ हे स्वाती नक्षत्राचं अक्षर, म्हणून अ‍ॅप सरळ ‘तूळ’ दाखवतं. पण पत्रिकेची रीत उलटी आहे: आधी जन्मवेळेवरून नक्षत्र आणि चरण, मग अक्षर. नावावरून रास काढणारा रकाना पत्रिका मानणाऱ्यालाही कामाचा नाही.

महापालिकेच्या नोंदणीकडे पुस्तिका ढुंकूनही बघत नाही, आणि पालकांना गरज तिथेच असते. अकीका सातव्या दिवशी, जन्माची नोंद २१ दिवसांत, एवढ्या घाईत दुर्मीळ नावाचं स्पेलिंग पक्कं होत नाही. घाई करायचं कारणही नाही. नोंद नावाशिवाय करता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव शुल्काशिवाय भरता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. बाळ मेयो, डागा, मेडिकल अशा दवाखान्यात झालं असेल तर माहिती तिथूनच जाते, तेव्हा भरलेला फॉर्म तिथेच एकदा नजरेखालून घाला. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने असतात, दोन्ही वाचा. इंग्रजीत ‘आय’ घ्यायचा की ‘वाय’, हे घरात एकदाच ठरवा आणि आधार, लसीकरण कार्ड, शाळा सगळीकडे तेच ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना यांचा आधार झाला आहे, त्यामुळे एका अक्षराची चूक पुढे सगळीकडे पसरते.

मग घ्यावं काय? पुस्तिका घ्यायचीच तर तीन गोष्टी उघडून बघा: नाव अरबी लिपीत जेर-जबर-पेश या स्वरचिन्हांसह छापलंय का, ‘स’ची स्वाद-सीन-से ही तीन अक्षरं यांचा फरक राखलाय का, आणि ‘रुमैसा’समोर काय लिहिलंय. गुच्छ लिहिला असेल तर बाकीचे अर्थही तपासल्याशिवाय घेऊ नका. अ‍ॅप फुकट असेल तर आवडलेल्या नावांची यादी करायला वापरा, पैसे भरून ‘प्रीमियम’ घेण्यासारखं त्यात काही नाही. अर्थासाठी एडवर्ड लेन यांचा अरबी-इंग्रजी कोश इंटरनेटवर मोफत शोधता येतो. त्यात नाव टाकायचं नाही, तीन अक्षरांचा धातू टाकायचा. अरबी वाचता येत नसेल तर मदरशातल्या अरबी शिकवणाऱ्या उस्तादांना विचारा, पण ‘अर्थ चांगला आहे ना?’ असं न विचारता ‘धातू कोणता, आणि कोणत्या सहाबियाचं (पैगंबरांच्या कोणत्या सहकारी स्त्रीचं) नाव?’ असं विचारा.

गुण द्यायचे तर पुस्तिकेला पाचपैकी दोन, अ‍ॅपला अडीच. आणि रुमैसा या नावाला, स्वादने लिहिलं तर, पैकीच्या पैकी.